घाट उतरण्याआधी

॥ श्री ॥

टेंभी नाका, ठाणे
ता. २९ सप्टेंबर १९५३

चि. हरिहर यास अण्णाचे आशीर्वाद.

तुझं पत्र गणपतीत आलं आणि उत्तर पितृपंधरवड्यात जातं आहे. उशीर फार झाला, राग मानू नकोस. रोज सकाळी लिहीन म्हणतो आणि दिवस कसा जातो कळत नाही. मध्यंतरी चष्म्याची काडी मोडली होती. ती दोऱ्याने बांधली आहे, पण खाली वाकलं की चष्मा नाकावरून घसरतो. उशिराचं हे एक कारण. बाकीची पुढे येतील.

इकडे पाऊस ओसरला. नळाला पाणी बरं येतं. शेजारच्या रखमाबाई रोज दुपारी येऊन बसतात. आमचं चाललं आहे.

तू लिहिलंस, की दिवाळीला पुण्याहून गाडी घेऊनच येतो आणि आईला तीत बसवून मासुंदा तलावाला फेरी मारतो. ते वाचल्यापासून आईला दुसरा विषय नाही आणि मला धड झोप नाही. गाडी लढाईच्या आधीची, दोन माणसांची, वर कापडाचं छप्पर, पळायला वाऱ्यासारखी, असं तू कौतुकाने लिहिलं आहेस. रंग अजून चकचकीत आहे म्हणतोस. रंगाने गाडी थांबत नाही, बाळ. टायर कसे आहेत ते तू एका अक्षराने लिहिलं नाहीस. ब्रेकचं लिहिलं नाहीस. जास्तीचं चाक आहे की नाही, त्यात हवा आहे की नाही, काही नाही.

तू म्हणशील, अण्णांना गाडीतलं काय कळतं. खरं आहे. मी मराठी चौथी शिकलेला, जन्म कोर्टात पट्टेवाला म्हणून गेला, साहेबाच्या गाडीचं दार उघडण्यापलीकडे गाडीला हात लावला नाही. म्हणून चौकशी करत माजिवड्याला गेलो. तिथे आग्रा रोडवर दौलत म्हणून एक मिस्त्री आहे. लढाईत पलटणीच्या गाड्या दुरुस्त करायचा. त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. त्याने मला आधी वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"काका, या वयात शर्यतीत उतरताय काय?"

"माझी नाही रे, मुलाची गाडी आहे."

"मग मुलाला पाठवा ना इकडं."

"तो पुण्याला आहे. घाट उतरून येणार आहे."

तेव्हा त्याने हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, "बसा. चहा सांगतो."

देवाची कृपा म्हण, त्याच्या शेडमध्ये कोणा शेटजींची तशीच एक जुनी शर्यतीची गाडी दुरुस्तीला आली होती. सायकलीसारख्या तारांची चाकं. तुझ्या गाडीला तशीच आहेत असं तू लिहिलं होतंस म्हणून मी त्याला म्हटलं, मला नुसतं सांगू नकोस, करून दाखव, म्हणजे मला नीट लिहिता येईल. तो म्हणाला, करून दाखवत नाही, तुम्हीच करा. मग मी धोतर खोचलं आणि बसलो.

आता मी जे लिहितो ते लक्ष देऊन वाच. घाईने पुढे जाऊ नकोस.

टायरचा रबर म्हातारा होतो. वरची नक्षी शाबूत दिसली तरी फसायचं नाही. टायरच्या कडेला अंगठ्याने दाबून बघ. बारीक भेगा दिसल्या तर तो टायर घाटात आणायचा नाही, कितीही जीव असो त्यात. पाचव्या चाकाचाही तसाच बघ, ते वर्षानुवर्षं उन्हात टांगलेलं असतं आणि कोणी त्याच्याकडे पाहत नाही. हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजायची. चाकाच्या तारा एक एक करून पान्याने हलक्या वाजवायच्या. चांगली तार टणकन वाजते, सैल तार बोदी, बद्द वाजते. बोदी तार एक असली तरी मिस्त्रीकडे जायचं. आणि तारांची टोकं आतून ट्यूबला घासू नयेत म्हणून रबरी पट्टी असते, ती फाटली नाही ना ते टायर उतरवून बघून घे.

चाक बदलायची वेळ आली तर आधी सपाट जागा बघ. पंक्चर टायरवर थोडं पुढे जावं लागलं तरी चालेल, टायर गेला तर गेला, पण वळणावर किंवा उतारावर चाक काढायचं नाही. हातब्रेक ओढ, गाडी गियरात ठेव, आणि जे चाक काढणार त्याच्या पलीकडच्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून मोठे दगड लाव. दौलत म्हणतो, दगड शोधायचा कंटाळा करणारे मी दोन पुरले. त्याच्या बोलण्यावर जाऊ नकोस, पण दगड लाव.

तुझ्या चाकाला चार नट नसतात, मधोमध एकच मोठा, कानांचा नट असतो. तो ठोकून सोडवायचा. लोखंडाचा हातोडा नाही, तांब्याचा. नाही मिळाला तर मध्ये लाकूड धर. चाक जमिनीवर असतानाच तो थोडा सैल करायचा, वर उचलल्यावर ठोकशील तर गाडी जॅकवरून घसरेल. आणि आता मुख्य. डावीकडच्या नटाचे आटे एक तऱ्हेचे, उजवीकडच्याचे उलटे. लक्षात असं ठेव, की गाडी पुढे जाताना चाक ज्या अंगाला फिरतं त्या अंगाला ठोकलं की नट सुटतो, आणि मागच्या अंगाला ठोकलं की आवळतो. दोन्ही बाजूंना हाच नियम. मी पहिल्यांदा उजव्या बाजूला बसलो आणि घरच्या डब्याच्या झाकणाच्या हिशोबाने ठोकत राहिलो. घामाघूम झालो. दौलत बिडी ओढत बघत होता.

"काका, सोडवताय का जन्माचं बांधताय?"

सगळी शेड हसली. मीही हसलो, पण मनात म्हटलं, हे घाटात हरीच्या हातून झालं असतं तर? म्हणून निघायच्या आधी, पुण्यातच, चारही चाकं एकदा स्वतःच्या हाताने काढून परत बसव. मिस्त्रीकडून नाही, स्वतः.

जॅकखाली फळी ठेव, माती ओली असली तर जॅक रुततो. जास्तीचं चाक आधी काढून गाडीच्या पोटाखाली आडवं सरकव, म्हणजे जॅक घसरला तरी गाडी त्या चाकावर बसेल, तुझ्यावर नाही. गाडी उचललेली असताना डोकं, हात, पाय, काहीही खाली घालायचं नाही, पाना घरंगळत गेला तरी नाही. नवं चाक चढवताना आतल्या दात्यांना ग्रीस लाव. नट आधी हलका आवळ, गाडी खाली घे, मग जोराने ठोक. थोडं अंतर गेल्यावर थांबून परत एकदा ठोकून बघ. लोक हे शेवटचं विसरतात.

तेलाची काडी गाडी सपाटीला असताना बघायची. पाण्याच्या टाकीचं झाकण गाडी तापलेली असताना उघडायचं नाही. घाट ज्या गियरात चढला असतास त्याच गियरात उतरायचा, नुसत्या ब्रेकवर नाही. खंडाळ्याला गाडी थंड होऊ दे. पुढे घाटात शिंगरोबाला सगळे ड्रायव्हर चालत्या गाडीतून नाणं टाकतात. तू तसं करू नकोस. थांब, खाली उतर, नमस्कार कर, आणि चारी चाकांच्या मध्याजवळ हात नेऊन बघ. एखादं दुसऱ्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसला आहे. देवाजवळ उभा आहेस तर तेवढा वेळ काढ. खोपोली-पनवेल, शीळ, मुंब्रा, कळव्याचा पूल, सगळं उजेडात व्हायला पाहिजे.

हे सगळं आईला वाचून दाखवलं. आपल्या घरात पत्र टाकायच्या आधी तिला वाचून दाखवावं लागतं हे तुला माहीतच आहे. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात म्हणाली, "अहो, पोराला पत्र लिहिताय की गाडीचं लग्न लावताय? तो जेवतो का ते विचारा."

तर जेवतोस का?

मग म्हणाली, "लिहा, की पुढच्या सीटवर मी बसणार. हे मागून चालत येतील."

म्हटलं, अगं त्या गाडीला पुढचीच सीट आहे, मी चालतच येणार. तेव्हा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

इथे मी तिला "तुझा अण्णा" असं वाचून दाखवलं आणि कागदाची घडी केली. हे पुढचं पान वेगळं आहे. ती आता झोपली आहे, रखमाबाई जवळ बसल्या आहेत, आणि मी बाहेर गॅलरीत बसून लिहितो आहे. हे तिला दाखवणार नाही.

हरी, उशीर चष्म्यामुळे झाला नाही. आई श्रावणापासून अंथरुणावर आहे. आधी उठून बसायची, आता बसवावं लागतं. गणपतीत तुला येता आलं नाही याचा मला राग आला होता आणि तिला बरं वाटलं होतं, तू पाहिलं नाहीस म्हणून. परवा डॉक्टर तिला तपासून निघाले, मी बॅग घेऊन मागून गेलो. जिन्यात थांबले. म्हणाले, "मुलाला बोलावून घ्या. दिवाळीची वाट बघू नका." मी आणखी काही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. जिना उतरून गेले ते, आणि मी बॅग हातात घेऊन तसाच उभा. त्यांनी रस्त्यावरून हाक मारली तेव्हा खाली नेऊन दिली.

तुला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे. माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

मी म्हटलं, "अगं, मुलगा आहे तो."

"आत्याच्या वेळी तार केलीत ना? काय झालं?"

तार मिळाल्याबरोबर तू मित्राची फटफटी घेऊन संध्याकाळचा निघालास, घाटात पडलास, आत्याही भेटली नाही आणि पाय अजून ओढतोस. तेव्हापासून तिने घाटाचा धसका घेतला आहे. म्हणते, माझं व्हायचं ते होईल, माझ्यापायी त्याचं नको. मी आजाराचं नाव लिहीत नाही. तेवढी तरी शपथ पाळली असं मी स्वतःला समजावतो. डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की काय होतं म्हणतात ते तुला ठाऊक आहे. त्याचा विचार करून मी थकलो. लिहिलं तर ही भीती, न लिहिलं तर तू दिवाळीला येशील आणि दारातच तुला कळेल.

तू म्हणशील रेल्वेने येतो. मीही तेच धरून बसलो होतो. पण रेल्वेने, रजा काढून, मध्येच आलास की तिला लगेच कळेल की मी कळवलं. ती तुझ्याकडे बघून हसेल आणि माझ्याशी बोलायची नाही. माझ्याशी बोलेना का, पण मग ती वाट बघायची सोडून देईल. ती त्या गाडीवर टिकून आहे, हरी. रोज सकाळी विचारते, गाडीचा हॉर्न कसा असेल. कालपरवा रखमाबाईंकडून जांभळी साडी उन्हात घालून घेतली. उघड्या गाडीत पदर उडेल म्हणून पिन काढून ठेवली आहे.

तेव्हा तू गाडीनेच ये. पितृपंधरवड्यात नको, तिला ते चालायचं नाही, ती दारातून परत पाठवील. घट बसले की ये. आल्यावर एवढंच म्हण, की गाडी झाली तयार, दिवाळीपर्यंत दम निघाला नाही म्हणून दाखवायला आणली. तिला उचलून जिन्यावरून खाली आणू आपण दोघं, आता ती फार जड नाही. रस्ते माझ्या पायाखालचे आहेत, टेंभी नाक्यावरून तलावापर्यंत खड्डे कुठे आहेत ते मी पाहून ठेवतो.

आता तुला कळलं असेल, चाकाचं आधी का लिहिलं. ही बातमी वर लिहिली असती तर तू खालचं वाचलं नसतंस. पायात चपला घातल्या असत्यास. आत्ताही घातल्या असतील तर काढ. खाली बस. माझी एवढीच मागणी आहे. माझं वय झालं, दोघांची काळजी करायची ताकद राहिली नाही. एकीची करतो, दुसऱ्याची तू स्वतः कर. ती म्हणते तुला कळवलं की तू जिवावर उदार होऊन निघशील. मी म्हणतो, आता तो तसा नाही. हे मी तिला सांगू शकत नाही, पण मनात तिच्याविरुद्ध तुझी बाजू घेतली आहे. मला खोटं पाडू नकोस.

गाडीला हात लावायच्या आधी मला एक कार्ड टाक. टायर पाहिले, चाकं स्वतः काढून बसवली, अमुक दिवशी उजाडल्यावर निघतो, एवढं लिही. आईचं काही लिहू नकोस, कार्ड ती मागून घेऊन वाचायला लावील. कार्ड येईपर्यंत तू लवकर येतोस हे मी तिला सांगणार नाही. पोस्टमन सकाळी येतो. मी खालीच उभा असतो.

लवकर लिही, बाळ. पण निघायची घाई करू नकोस.

तुझ्या दोन ओळींची वाट पाहणारा,
अण्णा