नियमात बसवलेलं घर

३ मार्च, सकाळ
बिस्मिल्लाह. नगरपालिकेचं पाहणी कमिशन पुढच्या महिन्यात येणार. आमच्या वस्तीतली जी घरं विजेच्या मोठ्या तारांपासून वीस मीटरच्या आत, ती पाडणार. त्याबाहेरच्या घरांना कागद, म्हणजे घर कायमचं आपलं. बिश्केक शहराच्या या कडेला आमची मेरिम जन्मली, शाळेत जायला लागली, अजून आम्ही बिनकागदाचेच. आता सुटणार. वस्तीत रडारड चाललीय. मी शाळा पुरी केलेली, नियम मला वाचता येतो.

५ मार्च
कपडे वाळत घालायची दोरी घेऊन विजेच्या खांबापासून मोजलं. आत येतं फक्त स्वयंपाकघर. म्हणजे धोका घराला नाही, स्वयंपाकघराला आहे. प्लॅन ठरला: ते आपणच काढायचं. बुलडोझर विटांचा भुगा करेल. आपण काढलं तर वीट न् वीट वाचेल. हे म्हणाले, सरकारने तुला नोकरीला ठेवायला हवं. टोमणा होता. सोडून दिला.

९ मार्च
स्वयंपाकघर निघालं. खिळे ठोकून सरळ केले, डब्यात भरले. चूल अंगणात. शेजारच्या बुरुल एजे, वयाने मोठ्या बाईला आम्ही एजेच म्हणतो, कुंपणावरून बघत होत्या. त्यांचं घर तर अख्खं तारांच्या पोटाखाली. म्हणाल्या, काय गं, सरकार यायच्या आधीच कामाला लागलीस, रोज किती देतात? म्हटलं, एजे, तुम्हीही काहीतरी करा. म्हणाल्या, करते की, चहा करते, ये. गेले. आपली साखर वाचली.

१७ मार्च, शुक्रवार
मशिदीत यांना कुणी सांगितलं, खांबापासून नाही, सगळ्यात बाहेरच्या तारेपासून मोजतात. म्हणजे निजायची खोलीही गेली. मला आधीपासून शंका होतीच. उद्यापासून तीही काढायची. मेरिम विचारते, झोपायचं कुठे? म्हटलं, पुढच्या खोलीत, एकत्र झोपलं की कोळसा कमी लागतो.

२५ मार्च
खोली काढली. छपराची तुळई दोन्ही खोल्यांना एकच होती, हे तेवढं लक्षात आलं नव्हतं. उरलेल्या खोलीचं छप्पर एका अंगाला कललंय. पाऊस. जिकडे तिकडे पातेली. नमाजापुरती कोरडी जागा एकच, तिथे आळीपाळीने उभे राहतो. अल्लाह परीक्षा घेतो ती पास होणाऱ्यांचीच.

२ एप्रिल
छप्पर करकरतंय. आत जायची भीती वाटते. फजरच्या, पहाटेच्या नमाजानंतर नियम पुन्हा वाचला आणि डोक्यात प्रकाश पडला. तारांजवळ 'बांधकाम' नको, असं लिहिलंय. युर्त हे बांधकामच नाही. लाकडी जाळी आणि वर लोकरीचा नमदा, असा गोल तंबू, आपल्या पूर्वजांचं घर. ते कोण पाडणार? दीर अस्कत कुरणावर मे महिन्यात जातो, तोवर त्याचा युर्त मागून आणला, अंगणात उभा केला. उरलेली खोलीही उतरवली. आता कुठलाच नियम आम्हाला लागू नाही. हे विटांच्या राशीवर जाऊन बसले. पटलं असावं.

२४ एप्रिल
कमिशन आलं. प्रमुख एक तरुण बाई, बुटांना चिखल. मी बोरसोक, कणकेचे गरम तळलेले तुकडे, पुढे केले. तिने विचारलं, घर कुठाय? विटांची रास दाखवली, म्हटलं, सगळं नियमात बसवलंय. ती म्हणाली, एजे, कागद उभ्या घराला मिळतो. म्हटलं, मग पाडलेल्याला? म्हणाली, आम्ही पाडलं तर शहरापलीकडे बदली जागा देतो, पण तुमचं आम्ही कुठे पाडलं? हे म्हणाले, ताई, आठवडाभर थांबा, परत बांधतो, मग तुम्ही पाडा. म्हणाली, नव्या बांधकामाला बंदी आहे. युर्ताकडे बघून म्हणाली, हे हंगामी, याची नोंद नसते.
बोरसोक मात्र तिला आवडले. दोन घेतले. तिच्या मनात काहीतरी असणार.

२६ एप्रिल
बुरुल एजेंना बदली जागा मंजूर. बुलडोझर यायच्या आत विटा वाचवायच्या म्हणून रविवारी घर उतरवायला सगळ्या वस्तीला बोलावलंय, जेवण त्यांचं. आम्हाला खास निरोप: तुम्ही दोघं सकाळीच या, बाकीच्यांना कुठून सुरुवात करायची ते ठाऊक नाही.
जाणार नव्हते. पण शेजारधर्म आहे. हे पहारीची धार बघत बसलेत. म्हटलं, मेरिमलाही नेऊ, ती खिळे चांगले सरळ करते.