तुझ्या नावाचा मंच आणि आमची तीन मिनिटं

प्रिय आत्या,

सप्रेम जय भीम.

तू असताना तुला कधी पत्र लिहिलं नाही. गरजच नव्हती, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतून तुझा आवाज नाशिकरोडला फोनशिवाय पोचायचा. आज लिहितेय, कारण दुपारी मैदानावर जाऊन तुझ्या नावाची कमान बघून आले. घरी येऊन दोनदा चहा घेतला तरी तोंडाची कडू चव जात नाही. दुसऱ्या कुणाला सांगू हे?

हो, तुझ्या नावाची कमान. उद्या रविवारपासून सरकारी खर्चानं सांस्कृतिक महोत्सव आहे, आणि मुख्य रंगमंचाला तुझं नाव दिलंय. लगेच खूश होऊ नकोस. कमानीवर लिहिलंय, 'कै. लोकशाहीर सगुणाबाई'. कैलासवासी! आपल्यात कालकथित म्हणतात हे कळायला एक फोन पुरला असता. फोटोत तुझ्या नाकात नथ आहे, कपाळावर चंद्रकोर आहे आणि पांढऱ्या साडीची जांभळी पैठणी झालीय. जन्मभर कॅन्टीनच्या वाफेत भाकऱ्या थापून संध्याकाळी त्याच साडीत गायला उभी राहणारी तू, आणि ही कोण बाई? मांडववाल्या कंपनीच्या माणसाला म्हटलं, "ही आमची आत्या नाही." तो म्हणाला, "मॅडम, फेस्टिव्हल लूक दिलाय."

माझ्या हातात तेव्हा छत्री होती. मी ती वापरली नाही, एवढंच सांगते.

आता खरी गोष्ट ऐक. तुझ्या नावाच्या या मंचावर तुझंच पथक गाणार नाही. कसं ते सांगते.

तू गेल्यानंतर पथक मी चालवतेय. शाळेत शिकवून आले की तालीम. ढोलकीवर आपले अन्वरचाचाच, मागे झील धरायला वस्तीतल्या दोघी. पण बोलावणार कोण? जयंतीला हल्ली डीजे लागतो. राहिलं सरकार. सरकार आता आपल्यासारख्या कलापथकांना पैसे देतं ते योजना गाऊन दाखवायला. ढोलकी आमची, घसा आमचा, मजकूर त्यांचा. संडास बांधा, विमा काढा, खातं उघडा. याला ते लोककलेचं संवर्धन म्हणतात. संडास वाईट असं मी म्हणत नाही. तूही दारूवर गायलीस, हुंड्यावर गायलीस. पण ते शब्द तुला कुणी टाइप करून पाठवले होते का?

तरी आम्ही महोत्सवाच्या निवडीला गेलो. थंडगार एसी हॉल, टेबलामागे चार परीक्षक, चौघांच्या हातात मोबाईल. आम्ही रीतीप्रमाणे उभं राहून वंदन म्हटलं. वंदन संपल्यावर मी 'जय भीम' म्हटलं आणि थांबले.

तुझीच सवय ना ही? समोरून जय भीम आल्याशिवाय तू पुढचा शब्द काढायची नाहीस. देवळाली कॅम्पात लोक थंडीनं चादरीतून पुटपुटले, तेव्हा तू म्हणालीस, "जेवला नाहीत का?" आणि मग असा आवाज आला की बाजारातली कुत्री भुंकायला लागली. ते आल्यावरच ढोलकीवर थाप पडायची. आमच्या हाडात बसलंय ते. चाचांचा हात ढोलकीवर उचललेला तसाच राहिला. मी वाट बघत राहिले. परीक्षकांपैकी एकानं मान वर केली आणि विचारलं, "विसरलात का?"

माझ्या घशातून पुढचं निघेना, आत्या. मला माहीत होतं की हे परीक्षक आहेत, वस्ती नाही. एवढं कळत असूनही निघेना. निकालात शेरा आला, 'पाठांतर कच्चे'. तुझी ती सगळी पदं झोपेत म्हणणाऱ्या माणसांचं पाठांतर कच्चं! रिक्षात आम्ही खूप हसलो. घरी आल्यावर मला त्या चौघांची किळस आली. रागावण्याइतकेही ते माणसात वाटले नाहीत.

मग गेल्या आठवड्यात महोत्सवाचा एक तरुण अधिकारी घरी आला. नम्र होता, चप्पल बाहेर काढली, चहा घेतला. चाचाही बसले होते. तो म्हणाला, "सगुणाबाईंच्या मंचावर त्यांचं पथक नसेल तर बरं दिसणार नाही. उद्घाटनाला तीन मिनिटं देतो. ते सुरुवातीचं वंदन मात्र नको, त्यात वेळ जातो. आणि बाईंची ती गाजलेली चाल आहे ना, तिच्यावर आमचं योजनेचं गाणं बसवा. लोकांना चाल पाठच आहे."

मी काही बोलायच्या आत त्यानं चाचांकडे बघून जोडलं, "सरकारी कार्यक्रम केल्याचं प्रमाणपत्रही मिळेल."

त्याला बरोबर ठाऊक होतं कुठं दाबायचं. वृद्ध कलावंतांना सरकार मानधन देतं, त्यासाठी चाचांचा अर्ज समितीकडे पडून आहे. ते कलावंत आहेत याला पुरावा नाही म्हणे. कळवणपासून देवळालीपर्यंत ज्यांच्या थापेवर माणसं उठून बसली, त्यांची बोटं वाकडी झालीत ती कशानं, हे बघायला कुणाला वेळ नाही. चाचा आता पुतण्याच्या पंक्चरच्या दुकानात बसतात आणि रक्तदाबाची गोळी अर्धी करून घेतात. मी विचारलं तर म्हणाले, "आधी में भी काम होता है."

म्हणजे प्रश्न सरळ होता. तुझी चाल दिली तर चाचांचं मानधन सुटणार. नाही दिली तर अर्धी गोळी.

अधिकारी गेल्यावर मी चाचांना म्हटलं, "तुम्ही सांगाल तसं. तुम्ही हो म्हणा, मी गाते." आणि खरंच गायले असते, आत्या. नाक दाबून गायले असते.

चाचांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बाईच्या चालीवर खातं उघडा म्हणायचं? मेरा हाथ नहीं चलेगा, बेटा. नको." आणि चप्पल घालून दुकानाकडे गेले.

ज्याला ज्याला हे कळलं त्यानं वाहवा केली. कलावंत असावा तर असा, आजकाल अशी माणसं कुठं राहिलीत, वगैरे. आमच्या शाळेतल्या एका सरांचे तर डोळे भरून आले. मला त्या वाहवेची कमानीपेक्षा जास्त शिसारी आली. म्हाताऱ्या माणसानं औषध अर्धं घ्यायचं आणि यांनी त्याचा ताठ कणा बघून डोळे पुसायचे. सरकारला तरी हेच हवंय ना? ताठ राहणारे मागत नाहीत, आणि वाकणारे हवं ते गातात. दोन्हीकडून त्यांचं भागतं. उरलेल्या पैशात एलईडीची भिंत येते, पाहुण्यांना सोफे येतात, आणि तुझ्या नाकात नथ येते.

आणि आत्या, रागावू नकोस, यात तुझाही हात आहे.

तुझ्यासाठी मी याच मानधनाचा अर्ज आणला होता, आठवतं? तू तो मांडीवर पसरलास आणि त्याच्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलल्यास. म्हणालीस, "मागणारा शाहीर वाकतो." मी किती मिरवलं ते वाक्य! स्टाफरूममध्ये सांगितलं, पोरींना सांगितलं. चाचांनीही तेच उचललं. पण तुझं कॅन्टीनचं पेन्शन होतं, डोक्यावर छप्पर होतं. चाचांकडे काय होतं? तुझा ताठपणा तुला परवडला. त्यांना तो परवडत नाही, हे तू एकदाही बघितलं नाहीस. इतकी शहाणी बाई तू, मग हे कसं सुटलं तुझ्या नजरेतून?

आणि ते मागणं तरी कुठं होतं? वसाहतीतल्या प्रत्येक माणसानं काड्यापेटीपासून सिमेंटपर्यंत सगळ्यावर जो कर भरलाय, त्याचाच हा पैसा. कुणाच्या घरचं देणं नाही ते. तुला कुणी भीक घालत नव्हतं. ते तुझं होतं, आणि तू त्याच्यावर शेंगांची टरफलं टाकलीस.

आज मैदानावर मी भांडायला म्हणून गेले नव्हते. एवढंच म्हणाले, आम्ही गाणार नाही, तर तिचं नावही काढा. तोच नम्र अधिकारी म्हणाला, "मॅडम, नावाला मंजुरी झालीय. आता काढता येत नाही." जिवंत माणूस कलावंत आहे हे ठरवायला यांची समिती अजून बसलेली नाही. मेलेल्या बाईचं नाव मात्र पटकन मंजूर होतं. तिला मानधन द्यावं लागत नाही, आणि ती नथीबद्दल तक्रारही करत नाही.

आता माझा शब्द ऐक. उद्या आम्ही जाणार नाही, आणि तुझी चाल कुणाला मिळणार नाही. एवढं तर तुलाही आवडेल. पुढचं आवडणार नाही.

परवा सोमवारी मी शाळेत रजा टाकतेय. अन्वरचाचांना घेऊन कचेरीत जाणार आहे. तुझ्यासारखी मान वर करून उभी राहणार नाही, समोरच्या बाकावर बसणार आहे. समिती कधी बसणार ते लेखी मागणार. नाही मिळालं तर पुढच्या सोमवारी पुन्हा. शिपायाला माझा कंटाळा येईल, साहेब मागच्या दारानं जातील, चाचा घरी चल म्हणतील. मी उठणार नाही. तुझ्या तोंडून जन्मात निघालं नाही ते मी तिथं मोठ्यानं म्हणणार आहे: द्या.

तू रागावशील. खुशाल रागाव. पण पूर्ण गोळी चाचांच्या पोटात गेली पाहिजे, ते चालतेबोलते असताना. त्यांच्या नावाची कमान बघायला मला जायचं नाही.

तुझीच,
प्रज्ञा