एका ‘व’ची धास्ती

गुरुवार, २२ डिसेंबर १९५५
नानांच्या कचेरीत उमेदवारीचा दुसरा आठवडा. कॉलेजात सर म्हणाले होते, प्रसिद्धीचं काम पुस्तकात शिकता येत नाही, एखाद्या छोट्या धंद्यात जाऊन बसा. बसलेय. धंदा म्हणजे गिरगावातल्या वाडीत तळमजल्याच्या दोन खोल्या. मागच्या खोलीत बायका ‘शुभ्रा दंतमंजन’ डब्यांत भरतात, पुढच्या खोलीत नाना आणि मी. दिवसभर लवंग-कापराचा वास. घरी पाऊल टाकलं की आई म्हणते, "इली गो मंजनाची डबी!"

काम म्हणजे गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं. आज एका गृहस्थांनी लिहिलंय, मंजन लावता लावता दात पडला. नाना म्हणाले, "मिस सावंत, लिहा, पडायचाच होता." मी लिहिलं, ‘आपल्या उरलेल्या दातांना दीर्घायुष्य चिंतितो.’ नाना खूश. मला जमणार हे काम.

शनिवार, २४ डिसेंबर
संक्रांतीच्या आत लालबाग, परळ, डिलाईल रोडला वाटायचं पत्रक. पहिल्यांदाच सगळा मजकूर माझा. शेवटची ओळ लिहिली, ‘मुंबईसह महाराष्ट्रात सर्वत्र मिळते.’

नानांनी वाचलं, चष्मा काढला, उठून दार लोटून घेतलं. "हा ‘सह’ कुठून आणलात?"

कुठून म्हणजे? आमच्या नाक्यावर रोज ओरडतात, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. कानात बसलाय तो शब्द, आपोआप उतरला.

"तेच म्हणतो मी. पोलीस वाचतील. भुलेश्वरचे घाऊकवाले शेठ वाचतील, माल उचलायचे नाहीत. ‘व’ घाला. मुंबई व महाराष्ट्रात. अर्थ तोच."

म्हटलं, नाना, अर्थ तोच कसा? मुंबई वेगळी व महाराष्ट्र वेगळा, हेच तर दिल्लीवाले म्हणतायत.

"मला व्याकरण शिकवू नका. पोळी व भाजी खाता ना? भाजी काय वेगळ्या राज्यात जाते?"

हसू आलं. मग पक्की प्रत माझ्याच हाताने केली. ‘व’ घालून.

बुधवार, २८ डिसेंबर
परळच्या छापखान्यात गेले, मुद्रितं तपासायला. छापखाना म्हणजे केशवराव एकटे. स्वतःच अक्षरांचे खिळे जुळवतात, स्वतःच यंत्र फिरवतात, स्वतःच पत्रकं बांधून देतात. काळी बोटं, जाड चष्मा. माझं लिखाण समोर टांगलेलं. म्हणाले, "पोरी, अक्षर चांगलंय तुझं. मी एका काना-मात्रेला हात लावत नाही, जे असेल ते." दोन वेलांट्या सोडल्या तर चूक नाही. ‘व’ तिथेच, ऐटीत.

सोमवार, २ जानेवारी १९५६
पत्रकं वाटून झाली. दुकानात गठ्ठे, डबीबरोबर एक एक. आमच्या चाळीतसुद्धा आलं. मोरेकाकूंच्या पोराने होडी करून सोडली गटारात. मनात म्हटलं, माझं पहिलं छापील लिखाण! पण कुणाला बोलले नाही. घरी सगळ्यांना वाटतं, मी फक्त पत्रांना उत्तरं देते.

बुधवार, ४ जानेवारी
लालबागच्या एका दुकानदाराने डबे परत पाठवले. हमालाबरोबर तोंडी निरोप: "मालकांना सांग, मुंबई तोडायची असेल तर मंजन तिकडे दिल्लीतच विका."

नाना हसले. पण परत आलेले डबे दोनदा मोजले, बघितलं मी.

गुरुवार, ५ जानेवारी


संध्याकाळी घरी येताना नाक्यावरचा फळा. रोज असतो, सभा कुठे, मोर्चा कधी. आज सगळ्यात वर: ‘शुभ्रा दंतमंजन घेऊ नका. यांच्या पत्रकात मुंबई महाराष्ट्राबाहेर! हा ध चा मा कुणी केला? शोधा.’ खाली पत्रकच डकवलेलं, ‘व’भोवती तांबडं वर्तुळ.

अक्षर मोत्यासारखं. ओळखायला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. आमच्या दादाचं. फळा तोच लिहितो.

गर्दीतून खाली मान घालून आले. अंगाला मंजनाचा वास, त्याचीच भीती वाटली.

शनिवार, ७ जानेवारी
जेवताना दादाने विचारलंच. "शालू, तुमच्या कचेरीत पत्रकं कोण लिहितो गो?"

माशाचा काटा घशात अडकल्यासारखं केलं. पाणी प्यायले. म्हटलं, "मला काय माहीत? मी पत्रांचं बघते."

"नाना?"

"नानांना मंजन कुटण्याशिवाय काय येतं?"

"मग छापखानेवाला. त्याचं नाव आहेच खाली."

खरंच आहे. लिहिणाऱ्याचं नाव पत्रकावर कुठेच नसतं, छापणाऱ्याचं मात्र कायद्याने असावंच लागतं. हे मला आज कळलं. सरांनी वर्गात कधी सांगितलं नव्हतं.

दादा वाईट नाही. नोव्हेंबरात फाउंटनला गोळ्या झाडल्या तेव्हा तो तिथे होता. बाजूचा माणूस पडला. तेव्हापासून झोपेत दचकतो, आणि जागेपणी कुणाचं ऐकत नाही. मी त्याला घाबरते असं कधी वाटलं नव्हतं. आता घाबरते. त्याचं सगळ्यांदेखत काय होईल, फळा लिहिणाऱ्याच्या घरातच ‘व’ निघाला तर, याला जास्त.

सोमवार, ९ जानेवारी
भुलेश्वरचे शेठ स्वतः आले. नानांची पाचावर धारण. शेठ म्हणतात, "नाना, हम तो डब्बी देखके माल लेते हैं. मराठी परचा कौन पढ़ता है?" आणि गेले चहा पिऊन. म्हणजे ज्यांच्यासाठी ‘व’ घातला त्यांनी तो वाचलाच नाही! मला हसायला हवं होतं. रडू आलं.

नाना म्हणाले, "खुलासा काढू या. मुद्रणदोष. ‘सह’च्या जागी चुकून ‘व’ पडला. दिलगीर आहोत."

"नाना, केशवरावांनी काहीच केलेलं नाही."

"अगं पोरी, मुद्रणदोष म्हणजे कुणाचाच दोष नव्हे. सगळे असंच लिहितात. की तुझं नाव छापू?"

आजवर मिस सावंत म्हणायचे. आज पोरी. आणि पोरीनेच खुलासा लिहिला. काय करू? नाव छापू म्हणाले.

बुधवार, ११ जानेवारी
खुलासा वाटला. केशवरावांकडे कसा छापणार? ठाकुरद्वारला दुसरीकडे छापून आणला. भाषा फर्डी, माझीच.

शुक्रवार, १३ जानेवारी
खुलाशाने आगीत तेल. दादाचे दोस्त गॅलरीत बसले होते, मी आत चहा गाळत होते. "मुद्रणदोष काय रे, एवढा सोयीचा दोष?" "पैसे खाल्ले असतील म्हाताऱ्याने." "त्याचे खिळे गटारात ओतू, मग बसू दे वेचत." दादा म्हणाला, "आत्ता नाय. मुंबईचा निकाल काय लागतो बघू."

चहा दिला तो अंगाभोवती शाल गुंडाळून, मंजनाचा वास जाऊ नये म्हणून. एकजण म्हणाला, "ताई, थंडी वाजतेय काय?"

केशवरावांना घर नाही, एकट्याने राहतात, त्या छापखान्यातच झोपतात.

शनिवार, १४ जानेवारी, संक्रांत
नानांची नवी शक्कल, गिरणगावातल्या दुकानदारांना तिळगूळ. "गोड बोला म्हणायचं आणि हात जोडायचे. लोकसंपर्क म्हणजे दुसरं काय असतं?" मला पाठवलं, बाई माणसाला कोण बोलणार म्हणून. एकाने घेतला. एकाने हातातला पुडा तसाच परत ठेवला, म्हणाला, "बाई, तुमच्यावर राग नाही. पण हा आज गोड लागायचा नाही."

परतताना परळला छापखान्याशी थांबले. केशवरावांना तिळगूळ दिला. त्यांना खुलासा कुणीतरी आणून दाखवला होता. म्हणाले, "एवढी वर्षं खिळे जुळवतोय, पोरी. असा दोष पहिल्यांदा ऐकला." तिळगूळ तोंडात टाकला. माझं नाव कुठे बोलले नाहीत, बोलणारही नाहीत असं वाटतं. त्याने तर जास्त मेल्यासारखं होतं.

म्हटलं, चार दिवस गावी जा. "गाव कुठलं आता?" म्हणाले.

रविवार, १५ जानेवारी
दादाला सांगायचं ठरवलं. तीनदा. एकदा तो दाढी करत होता, हातात वस्तरा. एकदा बाबा होते. एकदा दोघंच होतो, तर तोच म्हणाला, "शालू, तू ती उमेदवारी सोड. लोक नावं ठेवतायत. मी सगळ्यांना सांगितलंय, माझ्या बहिणीचा त्यात हात नाही. शप्पथ घेतली." कुणाची शप्पथ घेतली? "तुझीच की."

मग कशी सांगणार?

सोमवार, १६ जानेवारी


संध्याकाळी मुंबईचा निर्णय रेडिओवर सांगणार म्हणून अख्खी चाळ खाली इराण्याच्या दुकानासमोर. बाबा गिरणीत पाळीला. मी आणि आई गॅलरीत. शब्द नीट येत नव्हते, पण खालची माणसं बघून कळलं. मुंबई महाराष्ट्रात नाही. मुंबई दिल्लीकडे. आधी कुणी ओरडलंच नाही. मग एकदम सगळे.

दादा वर आला, चपला काढून बूट घालायला. माझ्याकडे बघत म्हणाला, "पत्रकातलंच झालं ना गो? मुंबई व महाराष्ट्र. ह्यांना आधीपासून ठाऊक होतं."

"कुठे चाललास?"

"पहिला तो छापखाना. पुढचं पुढे."

मी जिन्यापर्यंत मागे गेले. आईला ऐकू जाऊ नये म्हणून त्याची बाही धरली. म्हटलं, दादा, केशवरावांनी काही केलं नाही. ते पत्रक मी लिहिलं. नाना म्हणाले म्हणून, पण ‘व’ माझ्या हातचा. खुलासाही माझाच, खोटा.

तो दोन पायऱ्या परत वर आला. वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तू?"

मग इकडेतिकडे बघून, हळूच, "कुणाला सांगू नको."

खालून हाका, "वश्या, चल रे, काय करतोस वर!" आणि तो गेला. गॅलरीत धावले तोवर गर्दीत मिसळला होता. परळच्या बाजूला वळला की दुसरीकडे, दिसलं नाही.

कुणाला सांगू नको. हे मला म्हणाला की स्वतःला? पोरांना छापखान्यापासून थांबवायचं तर ‘का’ ते सांगावं लागेल, म्हणजे माझं नाव घ्यावं लागेल. त्याने माझी शप्पथ घेतलीय सगळ्यांपुढे. नाव नाही घेतलं, तर केशवराव एकटे आहेत तिथे.

दोन पोलीस गाड्या गेल्या रस्त्याने. कुठेतरी काचा फुटतायत. लांब आहे, पण कुठल्या बाजूला ते कळत नाही. मी जाऊन केशवरावांना बाहेर काढायला हवं. आई दाराला कडी घालून पाट लावून बसलीय, बाबा येईपर्यंत कुणी बाहेर नाही म्हणते.

मघापासून एकच विचारतेय, "जाताना तेका काय सांगलंस गो?"

म्हटलं, जपून जा म्हटलं.