डबीवरचं बोट

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर

चि. सोमशेखर यास सोमलिंगमामाचे अनेक आशीर्वाद.

पुण्यात तू खुशाल असशील, सूनबाईंचा खोकलाही गेला असेल असं धरून चालतो. आम्ही ठीक आहोत, पण यंदा उन्हानं जेवढं छळलं नाही तेवढं तुझ्या डबीनं छळलं. गेल्या महिन्यात तू सात रस्ता चौकातल्या दुकानातून ती ईएलसीबी की काय ती आणून मीटरखाली बसवून गेलास (भाच्याला नाही म्हणता येत नाही, ही माझी चूक). तेव्हापासून रोज दुपारी मी कूलरसमोर आडवा झालो की खट आवाज होतो, डबीचं बटण खाली पडतं आणि लाइट जाते. शेजारी अण्णारावांचा पंखा मात्र चालूच.

पहिला संशय तुझ्या मामीवर. बसम्माचा त्या कूलरवर जुना राग आहे (त्याच्या घरघरीत तिला मालिका ऐकू येत नाही). म्हणून बटणावर गुपचूप विभूती लावून ठेवली. दाबणाऱ्याचं बोट पांढरं सापडणार होतं. बटण पडलं, विभूती जशीच्या तशी! मग तुला फोन केला. तू म्हणालास, गेला तितका करंट परत यायला हवा. जरा कमी आला की तो कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असेल असं समजून डबी डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइट तोडते. नुसत्या संशयावरून? इतका संशयी तर मीही नाही.

मग मी कूलरची पिन उघडली. आत तिसरी, हिरवी तार निघाली. जमिनीत करंट हीच सोडत असणार म्हणून ती कापून टाकली. चार दिवस डबी गप्प. आज सकाळी बसम्मा कूलरमध्ये पाणी भरत होती आणि पुन्हा खट! ती डबीपासून दहा पावलं लांब होती, पण चेहरा चोरी पकडल्यासारखा. आता चौकशी पुरे. येडू वायरमन येतोय, तो डबी काढून लाइट डायरेक्ट करेल. तुझी डबी पार्सलनं परत येईल.

तुझा,
सोमलिंगमामा

ता. क. येडू आला. त्यानं कूलर चालू करून आधी त्याच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टर पेटला! तेव्हा कुठे बसम्मा बोलली, "सकाळी पत्र्याला ओला हात लागला, मुंगी डसल्यागत झालं. सांगितलं असतं तर तुमी माझ्यावरच संशय घेतला असता की." येडू म्हणाला, "काका, ही डबी हाय म्हणून काकू हायत बघा. पत्र्यातला करंट जमिनीत नेऊन वाचवणारी हिरवी तार कापली कुणी?" मी म्हणालो, उंदरानं. सोमशेखर, बसम्माशिवाय या घरात मी एक दिवस काढू शकणार नाही.

ता. क. २. पार्सल येणार नाही. उलट मोहोळच्या शेतातल्या मोटारीलाही एक डबी बसवून दे. आणि मामीचा फोन आला तर हिरवी तार उंदरानं कुरतडली असं सांग, एवढ्यासाठीच हे पत्र आता पाठवतोय. येडू गेल्यावर पुन्हा आंघोळ करून मी डबीवर विभूतीची तीन बोटं ओढली. बसम्मा माझ्या पांढऱ्या बोटांकडे नुसती बघत राहिली. तिला संशय आलाय.