तिसऱ्या भाषेतलं एक वाक्य

प्रिय धाकट्या,

रागात लिहिते आहे, तेव्हा अक्षर लागेल तसं लावून घे. काल शाळेतून आले ती चपलाही न काढता थेट नळाखाली हात धरून उभी राहिले, इतकी शिसारी आली होती. कोणाकोणाची, ते सांगते.

मी तिसरी भाषा कशी शिकवते हे तुला ठाऊक आहे. वर्गात घरी चार तऱ्हेचं बोलणारी पोरं. मी त्यांना आधी आपापल्या बोलीत भांडू देते. अर्थ हाती लागला की तो नव्या भाषेत सांगायचा. फळ्याशेजारच्या भिंतीवर एकेक शब्द सगळ्यांच्या भाषांत लिहिलेला असायचा. वर्गाचा मासळीबाजार होतो खरा, पण त्यातच पोरं शिकतात. तपासणीचे साहेब येणार कळल्यावर मोठ्या बाईंनी ती भिंत पुसून घेतली. म्हणाल्या, घरचं बोलणं घरी. मग सराव सुरू झाला. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा; उत्तर येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. मी उजव्या हातांनाच उभं करायचं. एवढ्याएवढ्या लेकरांना लबाडी शिकवायची आणि वर तिला शिस्त म्हणायचं!

काल साहेब आले. हातांचं रान माजलं. साहेब खूश. मग त्यांना काय लहर आली कोण जाणे, त्यांनी स्वतःच एका डाव्या हाताकडे बोट केलं. तो ठकीचा होता, तुझ्या लेकीचा. ही भाषा का शिकतेस, त्यांनी विचारलं. पाठ करून घेतलेलं उत्तर होतं, उज्ज्वल भविष्यासाठी. आपली बया मात्र खरंच विचारात पडली. मग तिन्ही भाषा एकमेकींत कालवून म्हणाली, बाबांच्या नव्या बायकोला आमचं बोलणं कळत नाही, म्हणून तिच्याशी बोलायला.

वर्षभरात माझ्या वर्गात इतकं खरं कोणी बोललं नव्हतं. साहेब हसले. मोठ्या बाई त्यांच्याहून मोठ्यानं हसल्या आणि म्हणाल्या, ही जरा कच्ची आहे, भेसळ करते. पोरगी उभीच. तिला बस म्हणायचंही कोणाला सुचेना, शेवटी मीच बसवलं. नंतर चहा झाला, उत्तम म्हणून शेरा मिळाला. मला त्या चहाचा वाससुद्धा सोसेना.

मोठ्या बाईंना चार शिव्या हासडून मी मोकळी झाले असते रे, पण हेच मी तुझ्याही तोंडून ऐकलं आहे. दर रविवारी फोनवर ही पोर जमवून जमवून त्या भाषेत दोन वाक्यं बोलते आणि तू खो-खो हसतोस. आधी नीट बोलायला शीक, मग तुला इकडे आणतो म्हणे. आईविना वाढणाऱ्या लेकरानं बापाच्या घरात शिरायलाही परीक्षा द्यायची? तुझ्या बायकोला मी बोल लावत नाही. ती बिचारी ठकीचं तोडकंमोडकं कान देऊन ऐकते, मान डोलावते. हसतोस तो तू. शाळेत जायला लागलास तरी बोबडा होतास, आणि तुला चिडवणाऱ्या पोरांच्या झिंज्या मी उपटल्या आहेत. आज तुझी किळस येते म्हणताना माझीच जीभ जड होते, पण येते.

आज सकाळी वेणी घालताना ठकीनं एक वाक्य त्या भाषेत शिकवायला सांगितलं. चुकायला नको, म्हणाली, बाबा हसतील. मी शिकवलं. तिनं ते घोकून बिनचूक केलं आहे, आणि येत्या रविवारी ते ती तुला नाही, तुझ्या बायकोला सांगणार आहे. वाक्य असं आहे: मी तुमच्या घरी येणार नाही, पण यात तुमची काही चूक नाही. तुला ते आधी आपल्या भाषेत कळावं म्हणून हे पत्र. पोरीच्या तोंडी ते वाक्य येऊ नये असं वाटत असेल, तर या रविवारी फोन करू नकोस. ये.

अजूनही तुझीच,
ताई