एंटविसलसाहेबांचा दिवा आणि माझा तेजोमेघ

रॉचडेल, फेब्रुवारी सरत आला

प्रिय हेस्टरताईस,

धाकट्या ॲम्ब्रोजचा नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला? इकडे सगळं ठीक, म्हणजे पाऊस पडतोय आणि मी दमलोय.

परसातल्या दुर्बिणीतून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा एक धड फोटो काढायचा, एवढंच माझं मागणं, हे तुला ठाऊकच आहे. पण डोरीनने (बायको माझी, पण बोलते सरकारसारखी) बजावलंय, "ईस्टरपर्यंत फोटो दाखव, नाहीतर दुर्बीण विकायची आणि त्या जागी माझं कोंबड्यांचं खुराडं." आणि ईस्टरपर्यंत मृग शेजारच्या छपराआड जाणार!

नोव्हेंबरात एकदाचं आभाळ उघडलं. चहाच्या वेळेलाच अंधार पडलेला. रात्री मृग वर आला तसा मी कॅमेरा जोडला, तोच शेजारच्या एंटविसलसाहेबांचा चोर पळवायचा नवा दिवा भक्कन लागला. मांजर हललं तरी लागतो मेला! फोटोत तेजोमेघ नाही, नुसती पांढरी पेज. आता 'दिवा बंद करा' असं तोंडावर सांगायचं? छे, आपल्याकडे असं कोणी सांगतं का! संत्र्याच्या मुरंब्याची बाटली घेऊन गेलो, बराच वेळ पावसावर बोललो आणि शेवटी जीव मुठीत धरून म्हणालो, "दिवा काय लखलखीत आहे हो तुमचा! माझ्या परसातसुद्धा दिवस उजाडतो." (याहून कडक मी आजवर कोणाला बोललेलो नाही.) म्हातारा हेलावला. "अरे, आधी बोलायचं नाही का!" म्हणाला. मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी तस्साच एक कोरा दिवा माझ्यासाठी घेऊन दारात हजर, वर शिडीही आणलेली! मी काय करणार? आभार मानले. शिडी कशीबशी परत पाठवली.

तेव्हापासून आभाळ उघडलं की त्यांचा दिवा, दिवा विझला की ढग. वर रोज कुंपणावरून विचारतात, "दिवा बसवला नाहीस अजून? लाजतोस काय?" ताई, खरंच कंटाळलो गं. पण दुर्बीण गेली तर मला करमायचं नाही.

तुझा थकलेला भाऊ,
ॲम्ब्रोज

ता.क. तुमच्या नॉर्थम्बरलंडात अजून खरा अंधार असतो म्हणे. पुढच्या आठवड्यात दुर्बीण घेऊन आलो तर त्रास नाही ना होणार? (होणार असेल तर कृपा करून 'मुळीच नाही' असं लिहू नकोस.)

आणखी एक ता.क. नाताळात मी तुला परसदारी लावायचा दिवा भेट पाठवला होता. हो, तोच. 'फार आवडला, आम्ही रोज रात्रभर लावतो,' असं तुझं आभाराचं पत्र आलं. ताई, तूही आपल्याच आईच्या हाताखाली वाढलीस. आता खरं सांग, तो अजून खोक्यातच आहे ना?