न आलेल्या वर्षाचा पूल

प्रिय बाबा,

अक्षर वाकडं आहे म्हणून आधी हसून घ्या. लान्झोउच्या ट्रकतळावर मांडीवर कागद ठेवून लिहितोय. शेजारचा ड्रायव्हर टरबुजं मोजतोय. विसाच्या पुढे गेला की चुकतो आणि पुन्हा पहिल्यापासून. पण ते जाऊ दे.

यंदा यीसि. तुमचं वर्ष. तुम्ही जन्मलात तेव्हाही हेच नाव होतं. साठ वर्षं हिंडून ते घरी परतलं. तुम्ही माझ्या चार बोटांच्या बारा पेरांवर वर्षांची खालची बारा नावं म्हणून घ्यायचात, आणि वरची दहा दोन्ही हातांच्या दहा बोटांवर. एक वरचं, एक खालचं, की झालं वर्षाचं नाव. मी विचारलं होतं, मग जोड्या एकशेवीस का नाहीत? "निम्म्या कधीच जमत नाहीत," तुम्ही म्हणालात, "तुझी नि कामाची जमते का? तशा." आई भात वाढायची थांबून हसत सुटली होती. तो भात, वरची ती खारवलेली मुळ्याची फोड... अजून कुठे तशी मिळाली नाही.

नव्या पुलावर वर्षाचं नाव कोरायचा दगड तुम्ही माझ्यावर सोपवलात ते वर्ष ज्यावू. मी पंधराचा. देवळापुढे नाटकवाले आले होते, ढोल ऐकू येत होता. वरचं अक्षर 'ज्या' कोरायला पाच रेघा, 'यी' एका वळणात होतं. हात आपोआप सोप्याकडे गेला. मी 'यीवू' कोरलं आणि नाटकाला पळालो. संध्याकाळी तुम्ही आलात तोवर गवंड्यांनी दगड बसवून टाकला होता. यी नि वू, न जमणाऱ्यांतली जोडी. जे वर्ष कधी आलं नाही, येणार नाही, त्या वर्षी बांधलेला पूल! चवथ्या दिवशी मी घर सोडलं. मला वाटलं, गाव मला हसतंय.

मागच्या महिन्यात ट्रक घेऊन त्या पुलावरून गेलो. चहावाल्या शियू मावशीने दाढीत ओळखलं नाही. मीच विचारलं, हे असं कुणी कोरलं? "आमचा च्वांग म्हातारा, दुसरं कोण! स्वतःच सांगत फिरला, माझी छिन्नी घसरली म्हणून. तेव्हापासून थडग्याचं काम कुणी देत नाही त्याला. मेलेल्या माणसाला न आलेलं वर्ष कोण देईल, सांग!" चहा तसाच ठेवून उठलो. घर दोनशे पावलांवर होतं. आलो नाही.

बाबा, अकरा वर्षं माझी चूक तुम्ही तुमच्या नावावर वागवलीत. अकराव्या महिन्यात, तुमच्या वाढदिवसाला, मी येतोय. शियू मावशीच्या दुकानासमोर, भरदिवसा, सगळ्यांदेखत सांगेन की तो हात माझा होता. मग त्या अक्षराभोवतीचा दगड बोटभर खाली उतरवून पाचही रेघा कोरेन. तुम्ही फक्त शेजारी बसा. माझी नि कामाची जोडी जमते का, एकदा बघा. छिन्नीला धार मात्र तुम्हीच लावून ठेवा; ती मला अजून येत नाही.

तुमचाच, पळून गेलेला,
काइ